नखांवरचा सरस

सकाळी आठच्या गाडीत निशी-कासाईला उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब म्हणायचं. अराकावा नदीवरचा लांबलचक पूल संपला की तोझाई लाइन जमिनीखाली शिरते, खिडकीच्या काचेत आपलाच झोपाळलेला चेहरा दिसायला लागतो आणि मिनामी-सुनामाची, तोयोचो, किबा ही स्टेशनं एकामागून एक येऊन जातात. तोक्योत आल्यापासून सहा वर्षं मी हा प्रवास करत होतो. ह्या बोगद्याच्या वर कधीकाळी काय होतं, असा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

उत्तर मिळालं ते हाराजुकूतल्या एका छोट्या संग्रहालयात, आणि तेही पावसामुळे. छत्री विसरलो होतो, समोर दार उघडं दिसलं, आत शिरलो. आत उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेली जुनी चित्रं. उजेड इतका मंद की आधी डोळे सरावायला लागतात. जुने रंग प्रकाशाने उडतात म्हणून. तिसऱ्या की चौथ्या चित्रापाशी थबकलो.

वरच्या अर्ध्या भागात एक प्रचंड गरुड. पंख इतके पसरलेले की कागदाच्या कडेने ते कापले गेलेत. मान खाली वळवलेली, डोळा वटारलेला, पंजे उघडे. आणि त्याच्या खाली, दूर खाली, बर्फाने झाकलेली ओसाड दलदल. काळपट आकाशातून भुरभुरणारा बर्फ, क्षितिजावर त्सुकुबा डोंगराची जोडशिखरं, पाण्यात एक लाकडी पीप तरंगतंय. माणूस एकही नाही. खालच्या पाटीवर चित्राचं नाव होतं: ‘फुकागावा, सुसाकी आणि जूमान्त्सुबो’. चित्रकार उतागावा हिरोशिगे, साल १८५७. त्याच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ ह्या मालिकेतलं १०७ वं. एदो म्हणजे जुनं तोक्यो. (नाव शंभरचं, पण चित्रं शंभराहून बरीच जास्त आहेत. ह्या बाबतीत जपानी प्रकाशक आपल्यासारखेच.)

फुकागावा! म्हणजे किबाचाच भाग! अरे, ही तर माझीच गाडी. ज्या दलदलीवर हा गरुड झेपावतोय तिच्या आसपासच्या जमिनीखालून मी रोज दोनदा जातो, एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्याने फोन बघत.

जूमान्त्सुबो म्हणजे एक लाख त्सुबो. एक त्सुबो साधारण ३.३ चौरस मीटर, म्हणजे दोन तातामी चटयांएवढी जागा. हिशेब केला तर ८० एकरांच्या वर जातं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात खाडीकाठच्या दलदलीत भर घालून ही जमीन काढली होती, आणि त्या भरावात एदो शहराचा कचराही होता. शेजारची सुसाकीची पट्टी त्याहून हौशी: नव्या वर्षाच्या पहिल्या सूर्योदयाला आणि ओहोटीच्या वेळी शिंपल्या वेचायला लोक तिथे जमत. पण १७९१ साली वादळी भरती आली आणि ती वस्ती घेऊन गेली. त्यानंतर शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने ती जागा मोकळी ठेवायची ठरवली, घरं बांधायला बंदी केली आणि ‘इथून पुढे राहू नये’ असं सांगणारे दगडी खांब रोवले. त्यातला एक आजही किबा स्टेशनजवळच्या सुसाकी देवळात आहे. पुढच्याच रविवारी जाऊन पाहिला. पार झिजलेला आहे, अक्षरं लागत नाहीत. आजूबाजूला अर्थातच इमारती. खांबाचं कोण ऐकतो!

तर ती रिकामी जागा. आणि ते पीप. काही जण म्हणतात ते साधं वाहून आलेलं पीप आहे. काही म्हणतात, प्रेताचं. त्या काळी गरीब माणसाला पिपात बसवून पुरत असत. १८५५ च्या नोव्हेंबरात एदोला मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हिरोशिगेने ही मालिका सुरू केली. हिरोशिगेचं घराणं अग्निशामक दलातलं. बाराव्या-तेराव्या वर्षी, आईबाप गेले त्याच वर्षी, बापाची ती नोकरी त्याच्याकडे आली होती. शहर वरून पाहायची सवय त्याला तिथे लागली असावी असं मला उगाच वाटतं. मनोऱ्यावर उभं राहून धूर कुठे दिसतो ते पाहणाऱ्या माणसाची नजर आणि ह्या गरुडाची नजर, दोन्हींत फार फरक नाही. पिपात काय आहे ते दोघांनाही ठाऊक असणार. आपल्याला कोणी सांगत नाही.

मी मात्र अडकलो ते नखांपाशी.

नखं चकाकत होती. मंद दिव्यात, दीडशेहून अधिक वर्षं जुन्या कागदावर, फक्त नखं ओली असल्यासारखी. वाकून, मान तिरकी करून, खाली बसून पाहिलं. एक आजी शेजारी उभ्या होत्या, त्याही माझं पाहून वाकल्या. मग पाटी वाचली. ह्या चित्राच्या सुरुवातीच्या छापांत गरुडाच्या पंखांवर अभ्रकाची पूड आहे आणि नखांवर सरस. तोच आपला सुताराचा सरस, कातड्या-हाडांपासून उकळून केलेला. रंग नाहीच तो, नुसती चकाकी. पुढच्या आवृत्त्यांत, खर्च वाचवायला, ही चैन बहुधा गाळली गेली.

हे कळल्यावर माझा हिरोशिगेबद्दलचा आदर थोडा कमी झाला आणि भलत्याच माणसांबद्दलचा वाढला. कारण सरस हिरोशिगेने लावलेला नाही. उकियो-ए हे चौघांचं काम. पैसा लावणारा आणि विषय ठरवणारा प्रकाशक, रेषा काढून देणारा चित्रकार, ती रेषा रानचेरीच्या लाकडात कोरणारा कोरक्या, आणि एकेका रंगाचा वेगळा ठसा कागदाखाली बरोबर बसवून पाठीमागून ‘बारेन’ने, म्हणजे हातात धरायच्या गोल गादीने, घासणारा छाप्या. चित्रकाराचा मूळ कागद ठशावर उलटा चिकटवून कोरताना नष्टच होतो. पंखाची पिसं, एकेक रेषा, केसाएवढी जागा सोडून लाकूड काढत जायचं. हे कोरक्याचं. आणि नखांवर नेमका किती सरस, तो पसरणार नाही, कागद आक्रसणार नाही, हे छाप्याचं. त्यांची नावं बहुतेक चित्रांवर नसतात. एवढी झेप ज्याच्या हाताखाली उमटली तो माणूस मांडी घालून बसून दिवसाला कितीतरी नखं चकाकवत असेल. (गंमत म्हणजे जपानीत गरुड म्हणजे ‘वाशी’, आणि हाताने केलेला कागद म्हणजेही ‘वाशी’. लिहायची अक्षरं वेगळी, कानाला तेच.)

जपानीत एक म्हण आहे, आमच्या ऑफिसातले वयस्कर साहेब ती नव्या मुलांना ऐकवतात: अंगात गुण असलेला ससाणा नखं लपवतो. फार मिरवू नये, असा अर्थ. आणि इथे हिरोशिगेचा प्रकाशक नखांवर सरस लावून घेतोय! ह्या विरोधाभासाने मला ह्या पक्ष्यांच्या नादी लावलं. मग सुट्टीच्या दिवशी संग्रहालयं, कांदा-जिंबोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं, रात्री फोनवर जगभरच्या संग्रहालयांतल्या चित्रांचे मोठे करून पाहिलेले तुकडे. बायको म्हणाली, “लोक इथे येऊन चेरीची फुलं बघतात.”

शिकारी पक्षी जपानी चित्रांत भरपूर आहेत, पण त्यातले बहुतेक बांधलेले आहेत. हे ध्यानात यायला वेळ लागला, कारण आपण चोच बघतो, डोळा बघतो. दोरी बघत नाही. ससाणा दांडीवर बसलेला असतो, छाती पुढे, पिसांवर पट्टे मोजून घ्यावेत असे. आणि पायापासून सुटून दांडीवर गाठ मारलेली जाड रेशमी दोरी. ती गाठ चित्रकार जीव ओतून काढतात. तिचे पेड, तिचे गोंडे. मोठमोठ्या पडद्यांवर असे ससाणे रंगवून घ्यायची सरदारांत पद्धत होती. पुढे ठशाच्या चित्रांनी तीच बसकण उचलली. इसोदा कोरयूसाइ हा मूळचा सामुराई. त्याने ससाण्यांची कितीतरी चित्रं केली. ‘ससाणा’ मी सोयीसाठी म्हणतोय. चित्रांतला ‘ताका’ बहुधा ओओताका, म्हणजे आपल्या शिक्र्याचा दांडगा भाऊबंद. पक्षीनिरीक्षक मित्रांनी माफ करावं.

ससाण्याने शिकार हा सामान्य माणसाचा खेळ नव्हता. एदोच्या पहिल्या शोगुनला, तोकुगावा इएयासुला, त्याचं वेड होतं. एदोच्या भोवतालची खेडीच्या खेडी शोगुनची शिकारीची राने म्हणून राखलेली होती, आणि त्या खेड्यांतल्या शेतकऱ्याला आपल्या शेतातली पाखरं हाकलायचीसुद्धा मोकळीक नव्हती, कारण ती शोगुनची शिकार. ससाण्यांना रोज चिमण्या लागत; त्या चिकट काठीने पकडणारे खास नोकर गावोगाव फिरत. पाचवा शोगुन त्सुनायोशी प्राण्यांवर दया करा म्हणणारा. त्याने हे सगळं बंद पाडलं. आठव्या योशिमुनेने १७१६ नंतर पुन्हा चालू केलं. मधल्या काळात शेतकऱ्यांना काय वाटलं असेल ते कोणी चित्रात काढलेलं मला तरी सापडलं नाही.

हिरोशिगेच्या आधीच्या पिढीतल्या होकुसाइने एकदा काढलंय, तसं म्हटलं तर. त्याच्या फुजीच्या ३६ दृश्यांत ‘शिमो-मेगुरो’ नावाचं एक आहे. त्याच मालिकेतल्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रापुढे कोणी त्याच्याकडे बघत नाही. उतरणीची शेतं, गवती छपरं, पाठीवर मूल बांधलेली बाई, खांद्यावर कुदळ टाकून चढ चढणारा शेतकरी. आणि मधेच दोन ससाणेवाले, मनगटावर ससाणे घेऊन. फुजी दोन टेकाडांच्या बेचक्यात इतका छोटा की शोधावा लागतो. ससाणेही छोटेच. पण एकदा दिसले की सगळं चित्र बदलतं: ह्या शेतात कोण कुणाच्या जमिनीवर उभं आहे ते कळतं. होकुसाइ टीका करत होता असं मी म्हणणार नाही. त्याने फक्त सगळ्यांना एकाच उतरणीवर आणलं.

आणि तरीही, ज्यांना ससाणा पाळायची सोय नव्हती त्यांनीच ससाण्याची चित्रं विकत घेतली. एक छापील चित्र साधारण एका वाडगाभर सोबा-शेवयांच्या भावात मिळे असं म्हणतात. त्यातही मागणी नव्या वर्षाची. वर्षाच्या पहिल्या स्वप्नात काय दिसावं याची जपानी यादी अशी: एक फुजी, दोन ससाणा, तीन वांगं. वांगं! आमच्याकडे स्वप्नात वांगं दिसलं तर आई म्हणेल, पोट बिघडलंय. पण ‘नासु’ म्हणजे वांगं आणि ‘नासु’ म्हणजे साध्य करणंही; ‘ताका’ म्हणजे ससाणा आणि उंचही. शिवाय तिन्ही गोष्टी इएयासुच्या सुरुगा प्रांतातल्या, असंही एक स्पष्टीकरण देतात. थोडक्यात, राजाची चैन रयतेच्या उशाखाली गेली, आणि तिथे ती दोरी कुणाला टोचली नाही.

उतामारोकडे आल्यावर जरा मोकळं वाटतं. त्याला आपण सुंदर बायकांचा चित्रकार म्हणून ओळखतो, पण १७९० च्या सुमारास त्सुताया जूझाबुरो ह्या प्रकाशकाने त्याचा पक्ष्यांचा एक संच काढला. पंधरा चित्रं, प्रत्येकात दोन पक्षी, आणि त्या दोघांच्या नावे प्रेमाच्या मिश्कील कवितांची जुगलबंदी. त्यात ससाण्याची जोडी लावलीय ‘मोझु’शी. मोझु म्हणजे आपला खाटीक पक्षी. चिमणीपेक्षा जरासाच मोठा, पण टोळ, सरडे पकडून काट्यावर खिळवून ठेवणारा. आपल्याकडच्या लोकांनी त्याला खाटीक म्हटलं; उतामारोने त्याला थेट ससाण्याच्या समोर बसवलं. राजाचा शिकारी आणि बांधावरचा शिकारी, दोघांनाही प्रेमाचं दुखणं एकच. मला हा संच सगळ्यांत आवडतो. त्याला कारण उतामारोचे रंग कमी आणि ही बसायची व्यवस्था जास्त.

घुबडं राहिली. हिरोशिगेचं एक चिंचोळं उभं चित्र आहे: पाइनच्या फांदीवर कानवालं घुबड, मागे चंद्रकोर. सोबतच्या कवितेत चंद्रकोरीची होडी झालीय आणि पाइनमधून वाहणाऱ्या वाऱ्याचं कोतो-वादन (कोतो हे जपानी तंतुवाद्य) घुबडाच्या कानी पडायला हवं अशी इच्छा. ‘मिमिझुकु’तल्या ‘मिमी’चा अर्थच कान. घुबड डोळे मिटून ऐकतंय. हे मी आईला पाठवलं तर तिचं उत्तर आलं: ‘घरात लावू नकोस.’ जपानातही घुबडाची एकेकाळी बदनामी होतीच. आईलाच खाणारं कृतघ्न पाखरू म्हणत त्याला. पण त्याच घुबडाची लाल रंगातली खेळणी देवीच्या साथीत आजारी मुलांच्या उशाशी ठेवत, तशी लाल चित्रं छापत. देवीच्या दैवताला लाल रंग सोसत नाही अशी समजूत. आपल्याकडे तिची पूजा करून तिला शांत करायचं, इथे तिला लाल घुबड दाखवायचं.

आता घार. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, हर्णैचा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की वर घारींचा दुसरा लिलाव सुरू व्हायचा. शिकारी पक्षी म्हणजे माझ्यासाठी घार. बाकीचे सगळे नंतर पुस्तकात भेटले. जपानच्या किनाऱ्यावर तीच घार आहे, ‘तोंबी’. जात एकच, इथली अंगाने जरा थोराड. हे कळल्यावर मी उकियो-एमध्ये तोंबी शोधायला लागलो आणि हात हलवत परत आलो. गरुड आहेत, ससाणे आहेत, शेकड्यांनी. रोज डोक्यावर फिरणारी घार जवळजवळ नाही. ‘घारीच्या पोटी ससाणा’ अशी म्हण मात्र आहे, साध्या आईबापांना हुशार मूल झालं की वापरायची. म्हणजे घार कुठल्या पायरीवर ते ठरलेलंच.

एका ठिकाणी तिला मान आहे: जपानचा दंतकथेतला पहिला सम्राट जिम्मू, त्याच्या कथेत. सोनेरी घार येऊन त्याच्या धनुष्यावर बसते आणि तिच्या तेजाने शत्रूचे डोळे दिपतात. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, योशितोशी ह्या चित्रकाराने हे चित्र केलं, किरणं अशी फेकलीत की धनुष्यावर वीज पडल्यासारखं वाटावं. १८९० मध्ये सैन्यातल्या पराक्रमासाठी ‘सोनेरी घारी’चं पदक निघालं आणि १९४७ मध्ये, युद्ध हरल्यावर, बंद झालं. सोन्याची झाली तेव्हा घार चित्रात आली, आणि आली ती लढाईच्या कामावर.

खरी घार मला मिळाली ती ठशात नव्हे, कुंचल्यात. योसा बुसोन, अठराव्या शतकातला कवी आणि चित्रकार. त्याच्या एका जोडचित्रात एकीकडे बर्फात अंग चोरून बसलेले दोन कावळे आणि दुसरीकडे वाऱ्यापावसात झाडाला घट्ट धरून बसलेली एकटी घार. भिजलेली, पिसं विस्कटलेली. ना झेप, ना दरारा. हर्णैला जुलैच्या झडीत माडावर मी हीच पाहिली आहे. बुसोनने तिच्या नखांवर सरस लावला नसता. तिची नखं फांदी धरण्यात गुंतली आहेत.

विसाव्या शतकातल्या ओहारा कोसोनबद्दल लिहायला हवं, कारण आज कॅलेंडरांवर आणि मगांवर दिसणारे जपानी गरुड आणि घुबडं बरीचशी त्याचीच. कानाझावात १८७७ ला जन्मलेला, १९४५ ला गेलेला. चित्रं बहुतेक परदेशी गिऱ्हाइकासाठी, अमेरिकेत खपलेली. हात विलक्षण. पण त्याचे गरुड पाहून मला भूक लागत नाही, भीतीही वाटत नाही. सगळं नीटनेटकं. असो.

ह्या वसंतात आई पहिल्यांदाच तोक्योला आली. तिला संग्रहालयात नेलं, पण हिरोशिगेचा गरुड तेव्हा प्रदर्शनात नव्हता. ही चित्रं महिना-दीड महिना टांगतात आणि मग विश्रांतीला पाठवतात. मग एनोशिमाला नेलं, समुद्र बघायला. किनाऱ्यावर जागोजागी पाट्या: तोंबीपासून सावध राहा. आईला जपानी येत नाही, पण पाटीवर पक्षी काढलेला होता, एका माणसाच्या हातातला सँडविच उचलणारा. साधं, कुणीतरी संगणकावर केलेलं चित्र. मनात म्हटलं, आली एकदाची घार चित्रात.

“काय लिहिलंय रे?” आईने विचारलं.

“घारी खाणं पळवतात म्हणतायत. उघड्यावर खाऊ नका.”

“मला सांगतोयस!” असं म्हणत तिने पिशवीतून डबा काढला. सकाळी सहाला उठून तिने थालीपिठं लावली होती. निशी-कासाईत भाजणीसुद्धा मिळते याचा तिला आदल्या दिवसापासून अभिमान वाटत होता, जणू ती तिनेच पाठवली होती. मी वर पाहिलं. दोन घारी वाऱ्यावर अगदी संथ, पंख न हलवता. जपानीत बेसावध माणसाच्या तोंडचा घास गेला की ‘घारीने तळलेलं तोफू पळवलं’ म्हणतात, हे मी आईला सांगायला घेतलं. वाक्य अर्ध्यात होतं.

आवाज आलाच नाही. पाठीमागून एक सावली, कानापाशी वाऱ्याचा झपका, आणि आईच्या हातात थालीपिठाचा नखाएवढा तुकडा उरला. घार पाण्यावर बरीच पुढे गेलेली, पंज्यातलं चोचीत घेत उडताउडता खात होती. शेजारची दोन शाळकरी मुलं एकमेकांना धरून हसत होती. मग भानावर येऊन त्यांनी वाकून आमची माफीही मागितली, जणू घार त्यांची.

मी आईचा हात घेऊन पाहिला. तर्जनीवर एक बारीक लाल रेघ, कोरक्याने काढावी तशी, रक्तसुद्धा नव्हतं आलेलं.

“बघितलंस, बोटाला धक्का नाही लावला,” ती म्हणाली. तिचा डोळा अजून आकाशातच होता. “आपलीच आहे ती. डबा झाक आधी, दुसरी फिरतेय.”